पहिला कस्टम वॉटर-कूल्ड डेस्कटॉप: खरेदीला निघण्याआधीचे प्रश्न

सीपीयू आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही एकाच लूपवर, सॉफ्ट ट्यूब, घरातल्या टेबलाशेजारी उभं राहणारं मशीन: ही उत्तरं अशा जोडणीसाठी आहेत. लूप म्हणजे पाण्याची बंद फेरी: पंप रेझर्व्हॉयरमधलं (टाकीतलं) पाणी चिपवर बसवलेल्या ब्लॉकमधून फिरवतो, आणि तिथली उष्णता पंखे लावलेल्या रेडिएटरमधून हवेत जाते. आकडे अंदाज बांधण्यापुरते धरा. शेवटचा शब्द त्या त्या भागाच्या माहितीपत्रकाचा.

एआयओ (तयार जोडून आलेला वॉटर कूलर) मिळत असताना या भानगडीत पडायचं कशाला?

फक्त सीपीयू थंड करायचा असेल तर पडूच नका. रायझन ९ किंवा कोअर आय९ मध्ये नखाएवढ्या सिलिकॉनमधून दोन-अडीचशे वॉट उष्णता बाहेर पडते, आणि ती धातूच्या झाकणातून ब्लॉकपर्यंत पोचतानाच अडखळते. पुढचं पाणी कितीही चांगलं थंड केलं तरी या टप्प्यावर फरक पडत नाही. चांगल्या ३६० एआयओशी (१२० मिमीचे तीन पंखे असलेल्या) तुलना केली तर सीपीयूचं तापमान जेमतेम काही अंश उतरतं.

खरा फायदा ग्राफिक्स कार्डाचा. तिथे चिपवर झाकण नसतं आणि चिपही मोठी असते, त्यामुळे ब्लॉक थेट सिलिकॉनवर बसतो. हवेवर ७० अंशांच्या आसपास घरघरणारं ३०० ते ४५० वॉटचं कार्ड पाण्यावर ५० च्या आगेमागे येतं, आणि तेही पंखे निम्म्या वेगावर असताना. गेममधले फ्रेम मात्र दोन-तीन टक्क्यांहून जास्त वाढतील अशी आशा ठेवू नका. शांतता हवी असेल किंवा हौस असेल तरच करा. हौस हेही पुरेसं कारण आहे.

दर वर्षी कार्ड बदलणाऱ्यांनी मात्र दोनदा विचार करावा. कार्डाचा ब्लॉक पुढच्या कार्डाला बसत नाही, आणि जुना विकायला गेलं तर गिऱ्हाईक मिळत नाही.

रेडिएटर किती लागेल?

सगळं नियोजन या उत्तरावर उभं आहे, म्हणून इथे थोडं गणित करू.

लूपमध्ये लक्ष ठेवायचा आकडा एकच: पाण्याचं तापमान खोलीपेक्षा किती अंश वर आहे. याला डेल्टा म्हणतात. १० अंशांचा डेल्टा म्हणजे उत्तम, १५ म्हणजे चालण्यासारखं, २० च्या पुढे म्हणजे रेडिएटर कमी पडलेत. पंखे १००० ते १२०० आरपीएमवर असतील तर १० अंश डेल्टाला १२० मिमीचा एक भाग (एका पंख्याएवढा) साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. ३६० रेडिएटर म्हणजे असे तीन भाग, म्हणजे सुमारे ३०० वॉट.

आता वॉट मोजा. कंपनीने खोक्यावर छापलेला टीडीपी (चिप किती उष्णता टाकेल याचा कंपनीचा आकडा) धरू नका, चिप प्रत्यक्षात किती खेचते ते धरा. रायझन ९ ९९५०एक्सचा टीडीपी १७० वॉट, पण सॉकेटची मर्यादा २३० वॉट. कोअर आय९-१४९००के २५३ वॉटपर्यंत जातो. आरटीएक्स ४०८० सुपर ३२० वॉट, ४०९० साडेचारशे, ५०९० तर ५७५.

रायझन ७ ७८००एक्स३डी आणि ४०८० सुपर ही जोडी गेम खेळताना ८० अधिक ३२०, म्हणजे ४०० वॉटच्या आसपास राहते. गणिताने चार भाग पुरतात. दोन ३६० लावले तर सहा होतात, आणि डेल्टा ७ अंशांच्या आसपास येतो किंवा तेवढ्याच डेल्टाला पंखे आणखी हळू चालवता येतात. ९९५०एक्स आणि ५०९० दोन्ही एकदम ताणले तर ८०५ वॉट. तिथे दोन ३६० वर डेल्टा १३ च्या पुढे जातो. अशा मशीनला तिसरा रेडिएटर लावा, नाहीतर आवाज सहन करा.

१४० मिमीचा भाग क्षेत्रफळाने १२० च्या १.३६ पट असतो. म्हणून २८० रेडिएटर ३६० पेक्षा फक्त ९ टक्क्यांनी लहान असतो आणि ४२० तर चार भागांच्या बरोबरीचा. कॅबिनेटमध्ये १४० चे पंखे बसत असतील तर ही बाजू आवर्जून तपासा.

जाडीचा मोह नको. ३० ऐवजी ६० मिमी जाडीचा रेडिएटर घेतल्याने हळू पंख्यांवर क्षमता दुप्पट होत नाही, थोडीशी वाढते. जागा मात्र दुप्पट खातो. एक जाड घेण्यापेक्षा दोन पातळ घ्या.

आमच्याकडे मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असते. लूप चालेल का?

चालेल, पण गणित बदलतं. पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही. परदेशी व्हिडिओंमधले आकडे २१-२२ अंशांच्या खोलीतले असतात. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्याला ते लागू नाहीत.

३८ ची खोली आणि १० चा डेल्टा, म्हणजे पाणी ४८ वर. ताणलेला ग्राफिक्स कार्डाचा चिप पाण्यापेक्षा १५ ते २० अंश वर राहतो, म्हणजे ६५ च्या आसपास. हे उत्तमच. २३० वॉट खेचणारा सीपीयू पाण्यापेक्षा ४० अंश वर राहतो, म्हणजे ८८-९०. रायझन ७००० आणि ९००० मालिकेतल्या बहुतेक चिपची मर्यादा ९५ आहे, त्यामुळे तेही चालून जातं. आता याच मशीनला एकच ३६० लावा. डेल्टा २२ वर गेला की पाणी ६० गाठतं, आणि बहुतेक पंपांच्या आणि पीईटीजी (प्लास्टिकच्या हार्ड) ट्यूबच्या माहितीपत्रकात कमाल मर्यादा म्हणून हाच आकडा असतो. विदर्भ-मराठवाड्यात एसीशिवाय मशीन चालणार असेल तर वरच्या गणितात १२० चे दोन भाग वाढवून धरा आणि सीपीयूची वॉटमर्यादा बायोसमधून (मदरबोर्डच्या सेटिंग्जमधून) खाली आणा. ९९५०एक्सला २३० वरून १६० वॉटवर आणलं तरी रोजच्या कामात फरक जाणवत नाही.

आणखी एक गैरसमज: पाण्यावर नेल्याने खोली थंड राहत नाही. ६०० वॉट हवेने काढा की पाण्याने, ते खोलीतच येतात. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता काढतो, त्यातला सहावा हिस्सा हे मशीन खाईल.

एसीच्या खोलीत ट्यूबवर दव धरेल का?

नाही. पाणी खोलीच्या हवेपेक्षा गरमच असतं, आणि दव धरायला उलटं व्हावं लागतं. चिलर (पाणी खोलीपेक्षा थंड करणारं यंत्र) जोडलात तरच हा प्रश्न येतो. मुंबईच्या जूनमध्ये दवबिंदू २६-२७ अंशांवर असतो, त्यामुळे पहिल्या लूपला चिलरचं नावही काढू नका.

कॅबिनेट कसं निवडायचं?

"३६० रेडिएटर बसतो" या एका ओळीवर विश्वास ठेवू नका. ३० मिमीचा रेडिएटर आणि २५ मिमीचा पंखा मिळून ५५ मिमी होतात. वरच्या बाजूला लावताना हे ५५ मिमी मदरबोर्डच्या व्हीआरएम (सीपीयूला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) हीटसिंकवर आणि रॅमच्या उंचीवर आदळतात. समोर लावताना ग्राफिक्स कार्डाची लांबी आड येते. शिवाय रेडिएटरची लांबी ३६० नसते. दोन्ही टोकांच्या टाक्या धरून ती ३९० ते ४०० मिमीपर्यंत जाते, आणि फिटिंग (ट्यूब जोडायचं तोंड) ज्या टोकाला असेल तिथे ट्यूब वळवायला आणखी ४० मिमी लागतात.

लियान ली ओ११ डायनॅमिक इव्हो पहिल्या लूपसाठी इतकी का सुचवली जाते याचं कारण साधं आहे: वर, बाजूला आणि खाली मिळून तीन ३६० बसतात, आणि हात घालायला जागा उरते. लहान आयटीएक्स कॅबिनेट दिसायला गोड, पण पहिल्यासाठी नको.

विकत घेण्याआधी पुठ्ठ्याचे तुकडे मापाने कापून मोकळ्या कॅबिनेटमध्ये ठेवून पाहा. कॅबिनेट हाती नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरच्या आकृतीवर पेन्सिलीने काढा. ट्यूब कुठून कुठे जाईल, पाणी कुठून भरणार आणि कुठून काढणार, हे कागदावर आलं नसेल तर ऑर्डर देऊ नका.

ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक कोणता?

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. "आरटीएक्स ४०८०" एवढ्यावर ब्लॉक ठरत नाही. आसूस टफ, एमएसआय गेमिंग ट्रायो आणि गिगाबाइट गेमिंग ओसी या तिघांचे सर्किट बोर्ड वेगळे, म्हणून ब्लॉकही वेगळे. ब्लॉक कंपन्यांच्या संकेतस्थळावर सुसंगतता यादी असते. तिथे कार्डाचं पूर्ण मॉडेल नाव, त्यातल्या आवृत्तीसकट, टाकून पाहा. कार्ड अजून घ्यायचं असेल तर उलट्या क्रमाने जा: आधी भारतात मिळणारा ब्लॉक पाहा, मग त्याला बसणारं कार्ड घ्या.

ब्लॉकबरोबर थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारे मऊ तुकडे) येतात: ०.५, १, १.५, २ मिमी अशा जाडीचे. कुठल्या चिपवर कुठला, हे माहितीपत्रकातल्या चित्रात असतं. १ च्या जागी १.५ लावला की ब्लॉक एका बाजूने उचलला जातो आणि मुख्य चिपवर नीट टेकत नाही. हॉट स्पॉट (चिपवरच्या सर्वांत गरम जागेचं तापमान) दाखवणाऱ्या कार्डांत तो सरासरी तापमानापेक्षा २५-३० अंश वर दिसला तर पहिला संशय पॅडवर घ्या.

वॉरंटीचं काय? मूळ कूलर काढल्यावर ती राहते की जाते, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे आणि दुकानदाराचं तोंडी आश्वासन कामाचं नाही. भारतातल्या सेवा केंद्राला ईमेल करा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. मूळ कूलर, त्याचे स्क्रू आणि पॅड एका डब्यात नाव टाकून ठेवा. कार्ड दुरुस्तीला पाठवायची वेळ आली की ते सगळं परत बसवावं लागतं.

आणि सीपीयूचा?

सोपं आहे. एएम४ आणि एएम५ ची बसवण्याची छिद्रं सारखी, एलजीए १७०० आणि १८५१ चीही सारखी. एएम५ वर मदरबोर्डची मागची पट्टी काढायची नसते, ब्लॉक तिच्यावरच बसतो. पाणी आत घेण्याचं तोंड ब्लॉकवर ठरलेलं असतं. उलटं जोडलं तर पाणी वाहतं, पण तापमान काही अंश वाढतं.

पंप डी५ घ्यायचा की डीडीसी?

डी५. जास्त शांत, कमी तापणारा, आणि पहिल्यांदा जोडणाऱ्याच्या चुका पोटात घालणारा. डीडीसी लहान असतो आणि दाब जास्त देतो, पण तापतो. तो अरुंद कॅबिनेटसाठी ठेवा. पंप आणि रेझर्व्हॉयर एकत्र असलेला संच घ्या, दोन जोडण्या वाचतात.

वीज जोडताना एक काळजी. डी५ पूर्ण वेगावर २३ वॉटपर्यंत खेचतो आणि मदरबोर्डचं साधं फॅन हेडर (पंखा जोडायच्या पिना) १ ॲम्पियर म्हणजे १२ वॉटचं असतं. म्हणून पंपाची वीज एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) साटा किंवा मोलेक्स केबलमधून येते, आणि मदरबोर्डकडे फक्त वेग सांगणारी आणि वेग ठरवणारी अशा दोन तारा जातात. त्या सीपीयू फॅन हेडरवर लावा. पंप बंद पडला तर मशीन सुरू होतानाच इशारा देतं.

कोरडा पंप कधीही चालवू नका, "फक्त आवाज ऐकायला" सुद्धा नाही. त्याच्या बेअरिंगला वंगण म्हणजे पाणीच.

कोणता भाग कुणानंतर? रेडिएटर दोन ब्लॉकच्या मध्ये हवा ना?

नको. नियम एकच: रेझर्व्हॉयर पंपाच्या आधी आणि त्याच्या वर. बाकी क्रम ट्यूब जिथे सरळ जाईल तसा ठेवा.

तासाला २०० लिटर प्रवाह आणि ५०० वॉट उष्णता धरली तर पूर्ण फेरीत पाणी फक्त २ अंशांनी तापतं. म्हणजे सर्वांत गरम आणि सर्वांत थंड पाण्यात एवढाच फरक. त्यासाठी ट्यूब आडवीतिडवी फिरवून दोन जास्तीची वळणं घेण्यात काही अर्थ नाही.

सॉफ्ट ट्यूब की हार्ड?

पहिल्यासाठी सॉफ्ट, आणि शक्यतो काळी ईपीडीएम रबराची. पारदर्शक पीव्हीसी ट्यूब वर्षभरात धुरकट होते. तिच्यातलं मऊपणा आणणारं रसायन पाण्यात उतरतं आणि सीपीयू ब्लॉकच्या केसाएवढ्या फिनमध्ये (धातूच्या पातळ पात्यांमध्ये) चिकट थर करून बसतं. ईपीडीएममध्ये ही कटकट नाही. रंगीत पाणी दिसणार नाही, ही तक्रार मान्य.

माप १०/१६ घ्या, म्हणजे आतून १० आणि बाहेरून १६ मिमी. १०/१३ स्वस्त आणि सडपातळ, पण वळणावर चिमटते. फिटिंग ट्यूबच्या मापाचीच लागते. १०/१३ ची फिटिंग १०/१६ ला बसत नाही.

हार्ड ट्यूबला हीट गन, आत घालायची सिलिकॉनची दोरी, बारीक दातांची करवत आणि टोक घासायचं अवजार लागतं. टोकाची धार तशीच राहिली की ती आत सरकताना ओ-रिंग (फिटिंगमधलं रबरी कडं) कापते, आणि गळती तिथूनच सुरू होते. शिवाय ग्राफिक्स कार्ड अर्धा इंच हलवायचं म्हटलं तरी दोन नळ्या नव्याने वाकवाव्या लागतात.

फिटिंग्ज किती मागवायच्या?

हा खर्च सगळे विसरतात, आणि दहा-बारा फिटिंग्जचे पैसे बघता बघता एका ब्लॉकच्या किमतीला जाऊन भिडतात. मोजणी अशी करा. लूपमधले भाग मोजा: सीपीयू, ग्राफिक्स कार्ड, दोन रेडिएटर आणि पंप-रेझर्व्हॉयर. पाच भाग म्हणजे पाच ट्यूब, आणि प्रत्येक ट्यूबला दोन टोकं. १० कॉम्प्रेशन फिटिंग्ज (ट्यूब आवळून धरणाऱ्या). त्यावर:

- ९० अंशांच्या फिरत्या फिटिंग्ज ४. कागदावर दोनच लागतील असं दिसतं, प्रत्यक्षात चार लागतात.
- पाणी काढण्यासाठी एक टी (तीन तोंडांची जोडणी), एक बॉल व्हॉल्व्ह, दोन्हीकडे बाहेरून आटे असलेली एक जोडणी आणि एक प्लग.
- पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर असलेला एक प्लग.
- जास्तीच्या २ कॉम्प्रेशन फिटिंग्ज आणि मूठभर ओ-रिंगा.

सगळ्याचे आटे जी १/४ मापाचे असतात, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकत्र चालतात. ट्यूब २ मीटर पुरते, ३ घ्या.

ड्रेनचा व्हॉल्व्ह वाचवू नका. तो लूपच्या सर्वांत खालच्या जागी असला पाहिजे. तो नसेल तर दर वर्षी एसएमपीएसच्या वर टॉवेल धरून ट्यूब ओढायची वेळ येते.

सगळे भाग तांब्याचेच हवेत का?

तांबं, पितळ, निकेलचा मुलामा आणि स्टील चालतं. ॲल्युमिनियम नको. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि पांढरा गाळ ब्लॉकमध्ये साचतो. स्वस्त ऑनलाइन रेडिएटरच्या वर्णनात धातूचं नाव नसेल तर तो ॲल्युमिनियमचा आहे असं समजून पुढे चला.

पाणी कोणतं भरायचं? आरओचं चालेल?

आरओचं नाही. घरातला टीडीएस मीटर त्यात बुडवून पाहा, ५०-१०० सहज दाखवेल. ते क्षार पुढे ब्लॉकच्या फिनवर बसतात. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी धुण्यासाठी उत्तम, फक्त मीटरने ० ते २ दाखवलं पाहिजे. पाच लिटरचा कॅन आणा. निम्म्याहून जास्त धुण्यातच जातो.

भरायला तयार, रंगहीन किंवा पारदर्शक रंगाचं कूलंट घ्या. गंज आणि शेवाळ रोखणारी द्रव्यं त्यात आधीच असतात. नुसतं डिस्टिल्ड पाणी पहिले काही आठवडे छान चालतं, मग त्यात काहीतरी उगवायला लागतं. दुधी, चकाकणारी, मोत्यासारखी कूलंट फोटोंसाठी असतात. त्यांतले कण खाली बसतात आणि सीपीयू ब्लॉक तुंबवतात. दोन ३६० रेडिएटरच्या लूपला साधारण १ लिटर लागतं. २ लिटर हाताशी ठेवा.

नवा रेडिएटर धुवायचा का? तो तर नवा आहे.

नवा आहे म्हणूनच. सोल्डर करताना वापरलेला फ्लक्स आणि धातूचे कण आत असतात. कोमट डिस्टिल्ड पाणी अर्ध्यापर्यंत भरा, दोन्ही तोंडं प्लगने बंद करा, मिनिटभर जोरात हलवा, आणि पांढऱ्या भांड्यात ओता. पहिल्या पाण्यात काळे-तपकिरी कण दिसतील. कण दिसेनासे होईपर्यंत पुन्हा करा, सहसा चार-पाच वेळा. व्हिनेगरने धुण्याच्या कृती फिरत असतात. निकेलच्या ब्लॉकजवळ ते नेऊ नका.

जोडताना हमखास चुकतं ते काय?

पंख्याचा स्क्रू. २५ मिमीच्या पंख्याला ३० मिमी लांबीचा स्क्रू लागतो. ३० मिमी जाड पंख्याला ३५ चा. ३५ चा स्क्रू पातळ पंख्यात घुसवला की तो रेडिएटरच्या नळीत शिरतो, आणि रेडिएटर संपला. काही रेडिएटरमध्ये छिद्राखाली वाचवणारी पट्टी असते, काहींत नसते. आटेही एम३, एम४ किंवा ६-३२ असे वेगवेगळे असतात. रेडिएटरबरोबर आलेलेच स्क्रू वापरा.

दुसरं, फिटिंग पान्याने आवळणं. गळती आटा थांबवत नाही, ओ-रिंग थांबवते. हाताने घट्ट बसली की पुरे. त्यापुढे जोर लावला तर ओ-रिंग चेपून बाहेर येते किंवा ॲक्रिलिकला तडा जातो. टेफ्लॉन टेप तर अजिबात नको.

पाणी भरण्याआधी गळती कशी तपासायची?

हवेने. हातपंप आणि दाबमापक असलेला लीक टेस्टर मिळतो. फिटिंग्जच्या खर्चात तो जड वाटत नाही. लूप पूर्ण जोडून सगळी तोंडं बंद करा, ०.४ ते ०.५ बारपर्यंत हवा भरा आणि वीस मिनिटं काटा पाहा. काटा स्थिर राहिला तर पाणी भरा. उतरला तर लूप मधेच तोडून, दोन्ही टोकांना प्लग लावून अर्ध्या-अर्ध्या भागात तपासा. साबणाचं पाणी लावू नका, मदरबोर्ड शेजारीच आहे. जास्त दाबही नको, रेझर्व्हॉयरची काच त्यासाठी बनलेली नसते.

पाणी भरायचं कसं?

मदरबोर्डची २४ पिन आणि ८ पिनची केबल तसंच ग्राफिक्स कार्डाची केबल काढून ठेवा. एसएमपीएसला फक्त पंप जोडा. २४ पिनच्या टोकाला जंपर प्लग लावा. तो पिन १६ आणि ग्राउंडची पिन जोडून एसएमपीएस चालू करतो. बाजारात तयार मिळतो, पेपरक्लिपचे प्रयोग टाळा.

प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा. रेझर्व्हॉयर भरा, पंप दोन-तीन सेकंद चालवा, रेझर्व्हॉयर रिकामा होण्याआधी बंद करा, पुन्हा भरा. हे दहा-पंधरा वेळा होईल. पाणी फिरायला लागलं की कॅबिनेट चारही बाजूंना हळू कलंडवा. रेडिएटरच्या टाकीत अडकलेली हवा गुळगुळ आवाज करत सुटते. काही तास असंच चालू द्या, मग टिश्यू एकेक करून पाहा. सगळे कोरडे असतील तरच बाकीच्या केबल जोडा.

बारीक बुडबुडे आठवडाभर राहतील आणि रेझर्व्हॉयरची पातळी सेंटिमीटरभर उतरेल. ही गळती नव्हे. वरून थोडं कूलंट घाला.

पंख्यांचा वेग कशावर ठरवायचा?

सीपीयूच्या तापमानावर नाही. ते ब्राउझर उघडताच २० अंश उडी मारतं आणि पंखे उगाच किंचाळतात. पाणी हळू तापतं, हळू निवतं. म्हणून सेन्सर मदरबोर्डच्या तापमान हेडरला जोडा आणि पंखे त्यावर बांधा. असं हेडर प्रत्येक मदरबोर्डला नसतं, घेताना पाहा. नसेल तर वेगळा फॅन कंट्रोलर लागतो.

सुरुवातीला ३८ अंशांपर्यंत ६०० आरपीएम आणि ४८ ला १२०० अशी सरळ रेष ठेवा. पंप कायम एकाच वेगावर, ६० ते ७० टक्के, ऐकू येणार नाही असा. उन्हाळा-हिवाळ्यात खोली १५ अंशांनी बदलत असेल तर खोलीचा दुसरा सेन्सर लावून डेल्टावर पंखे चालवा. फॅनकंट्रोल हे मोफत सॉफ्टवेअर दोन सेन्सरची वजाबाकी करू देतं.

गळालं आणि मदरबोर्डवर पडलं तर?

मागचं बटण बंद, प्लग बाहेर. मग पुसा. वीज नसताना पडलेलं पाणी बहुतेक वेळा काही बिघडवत नाही, घाईने चालू केलेलं मशीन मात्र बिघडतं. ओला भाग सुटा करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दोन दिवस पंख्याखाली ठेवा. "वीजरोधक कूलंट" या शब्दावर भिस्त ठेवू नका. तांब्या-निकेलवरून फिरताना ते आयन उचलतं आणि काही आठवड्यांत वीज वाहून नेऊ लागतं.

लाइट गेल्यावर पंप थांबतो. चिप जळणार नाही ना?

उष्णता निर्माण करणारंही त्याच क्षणी थांबतं. काही होत नाही. यूपीएस घ्या, पण तो फाइलींसाठी.

सामान कुठून घ्यायचं?

कॅबिनेट, पंखे, एसएमपीएस मुंबईत लॅमिंग्टन रोडला हाताळून घेता येतात. ब्लॉक आणि फिटिंग्जसाठी बहुतेकांना ऑनलाइन दुकानांकडेच जावं लागतं. बाहेरून मागवलं तर किमतीवर सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क येतं, ते आधी जोडा. एक फिटिंग कमी पडली म्हणून तीन आठवडे अर्धवट मशीन टेबलावर राहतं, म्हणून जास्तीच्या दोन वर सांगितल्या.

पैसे वाचवायचे तर फिटिंग्ज आणि रेडिएटरमध्ये वाचवा. बॅरो, बायक्स्की यांच्या साध्या फिटिंग्ज काम चोख करतात. पंप आणि ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक मात्र स्वस्तातला घेऊ नका.

देखभाल किती?

दर दोन महिन्यांनी जाळ्या आणि रेडिएटरचे फिन ब्लोअरने साफ करा, पंख्याची पाती बोटाने धरून. रस्त्यालगतच्या घरात महिन्याने. दर महिन्याला रेझर्व्हॉयरची पातळी पाहा. वर्षाने कूलंट बदला आणि नवं भरण्याआधी लूपमधून डिस्टिल्ड पाणी एकदा फिरवून काढा. त्याच वेळी सीपीयू ब्लॉकच्या फिनवर टॉर्च मारून पाहा.

तेवढ्याच कामाला पूर्वीपेक्षा डेल्टा ३-४ अंशांनी वाढलेला दिसला तर आधी धूळ बघा, मग पंपाचा वेग. हे दोन्ही ठीक असून चिप आणि पाण्यातला फरक वाढला असेल तर ब्लॉक तुंबलाय, उघडून जुन्या टूथब्रशने साफ करा. उघडताना ओ-रिंग कोणत्या खाचेत कशी बसली होती याचा फोटो काढून ठेवा.